मामाचा विडा

लोंढा स्टेशन,
१७ एप्रिल १९३६

शामू,

वर नमस्कार लिहिलेला नाही, कारण तो तुला नको असेल. तीन वर्षं तू माझ्याशी बोललेला नाहीस. वर्कशॉपात समोर आलास की पाना हातात घेऊन नसलेला नट शोधत बसतोस. तेव्हा या पत्राचा अर्थ मी माघार घेतली असा करू नकोस. अख्ख्या मोंबासात मराठी वाचणारा मला ठाऊक असलेला तू एकटा, आणि इथं जे दिसतंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. वाचायचं नसेल तर याच्यावर स्टोव्ह पेटव.

मुरगावला बोटीतून उतरलो. फिरंगी जकातवाल्यानं ट्रंक उघडून साबणाचा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि एक वडी ठेवून घेतली. सकाळपासून इथं बेळगावच्या गाडीची वाट बघतोय. गाडी कधी येणार म्हणून विचारलं तर पोर्टर म्हणतो, "येतीय की. न येऊन जातीय कुठं?" शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं माझी हॅट बघून विचारलं, "कुटनं आलासा?" आफ्रिका म्हटलं. तर म्हणे, "त्ये गोव्याच्या अल्याड का पल्याड?" नऊ वर्षांनी मायदेशी आलो, आणि मायदेश हा असा.

मी चाललोय निपाणीला, गुंडाप्पाच्या लग्नाला. गुंडाप्पा म्हणजे माझा शाळेतला जोडीदार. आता निपाणी ते बेळगाव सर्व्हिस मोटार चालवतो. पत्रात लिहितो, "तू आल्याबिगर माझं लगीन व्हत न्हाई. बोटीचं तिकीट काढ." नवरी कोण, कुठली, एक अक्षर नाही. मी काही दुधखुळा नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत मला ठाऊक आहे. गुंडाप्पाचं लग्न हे निमित्त. खरा फास माझ्या गळ्यासाठी वळलाय, आणि तो वळणारी माझी आक्का.

आमच्यातली चाल तुला मागे सांगितली होती. तुमच्यात मामाची मुलगी करतात. आमच्यात मामालाच भाची देतात. भाचीवर पहिला हक्क मामाचा. मामानं पाच जणांत विडा देऊन 'सोडली' म्हटल्याशिवाय ती दुसऱ्या घरी जात नाही. इतकंच काय, तोवर तिच्या नावाला दुसऱ्याचं नाव जोडून कुणी उच्चारतसुद्धा नाही. तो मामाचा अपमान. आक्काची पद्मावती आता बावीस वर्षांची आहे. बेळगावला मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे म्हणे. एवढी वर्षं तिला घरी ठेवली ती कुणासाठी? आफ्रिकेत पगार घेणाऱ्या मामासाठी. मी तिथं जाणार, लग्नाची हुग्गी खाणार, आणि पाच जणांत स्वच्छ 'नको' म्हणून परत येणार. नऊ वर्षं जगात राहिलेल्या माणसानं भाचीशी लग्न करायचं! हसतील मला.

तिचं ते पत्र तू विसरला नसशीलच. मी ते आपल्या खोलीत उभं राहून नाकात वाचलं होतं: "तीर्थरूप मामांच्या चरणी पद्मावतीचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष." खोलीतल्या त्या गुजराथ्याला नि सरदारजीला मराठीचा म कळत नव्हता, तरी ते पोट धरून हसले. तू मात्र पत्र हिसकावून घेतलंस, कोपऱ्यात जाऊन शेवटपर्यंत वाचलंस, आणि "नेमू, ही पोर बघ काय..." असं काहीतरी सुरू केलंस. मी म्हणालो, चार बुकं शिकलास म्हणून दुसऱ्याची पत्रं वाचू नकोस. त्यात हसण्यासारखं नव्हतं हे कबूल. पण त्यासाठी वळकटी उचलून दुसऱ्या खोलीत जायचं?

गाडी आली वाटतं. नाही, मालगाडी आहे.

नेमगोंडा


निपाणी,
२२ एप्रिल १९३६

शामू,

फास दिसला. तुला म्हटलं नव्हतं?

बेळगावच्या मोटार अड्ड्यावर गुंडाप्पा आला होता. खाकी सदरा, हाताला ग्रीस, आणि टक्कल. मला मिठी मारून म्हणाला, "आलास व्हय रं एकदाचा!" हे 'एकदाचा' मी पाच दिवसांत किमान पन्नास वेळा ऐकलं. आक्का म्हणाली, दाजी म्हणाले, बस्तीतले, म्हणजे आमच्या जैन देवळातले, उपाध्ये म्हणाले, शेजारची जयाबाई कुंपणावरून म्हणाली. असं म्हणतात आणि सगळे एकमेकांकडं बघतात. मी ओळखलं.

गाव होतं तसंच आहे. तंबाखूच्या वखारींवरून वारा आला की माणूस आधी शिंकतो आणि मग बोलतो. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान आण्णाप्पा, तंबाखूचे व्यापारी. ते तर बोलतच नाहीत, नुसते शिंकतात आणि मान हलवतात. मी त्यांच्यासाठी गजराचं घड्याळ आणलं. त्यांनी ते कानाला लावलं आणि रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. म्हणाले, "बिघडंल." घड्याळ बिघडू नये म्हणून ते बघायचं नाही! या लोकांपुढं काय बोलणार?

जेवण पाच वाजता. सूर्य मावळला की चूल बंद, हा आमच्या धर्माचा नेम. माझ्या पोटाला नऊ वाजता जेवायची सवय. मी म्हटलं, आक्का, तिकडं कुणी असं जेवत नाही. तर ती वाढता वाढता म्हणते, "तिकडं तुजा दिस उशिरा बुडत असंल बाबा. हितला बुडाय लागलाय. जेव." आणि पानात तिसरी शेंगांची पोळी. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं, म्हणून गप्प बसलो. नाहीतर उत्तर तयार होतं.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी पद्मावती बेळगावहून आली. दर शनिवारी येते आणि सोमवारी जाते, गुंडाप्पाच्याच मोटारीतून. उंच झालीय. चष्मा लावते. माझ्यापुढं तांब्या ठेवला, वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "मामा, परवास बरा झाला न्हवं?" पुढं काही नाही. लाजली नाही, हसली नाही. अशी वागायला तिला पढवलंय, हे उघड आहे. बाजारात माल खपवायचा असला की दुकानदार असाच गिऱ्हाइकाकडं न बघता बसतो.

सोमवारी सकाळी मी तिला पोचवायला अड्ड्यावर गेलो. मोटार खच्चून भरलेली. टपावर तंबाखूची पोती, आत कोंबड्या, आणि ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी. एक मारवाडी तिथं बसू लागला तर गुंडाप्पा म्हणाला, "न्हाई शेठ. ही जागा ठिवल्याली हाय." पद्मा तिथं जाऊन बसली. बघ, माझ्या हक्काच्या माणसाचा गुंडाप्पा किती मान ठेवतो! मोटार चालवणारा असला तरी दोस्ती जाणतो.

त्याला विचारलं, लेका, नवरदेव तू, नवरीचं नाव तरी सांग. तर खाली बघून बॉनेट पुसत म्हणाला, "बैठकीत समजंल. तुज्याच तोंडनं समजाय पायजे." बैठक एक तारखेला आहे आणि लग्न चारला. मी 'नको'चं भाषण रोज थोडं थोडं घासतोय.

नेमगोंडा


बेळगाव,
२७ एप्रिल १९३६

शामू,

आज पद्माबरोबर बेळगावला आलो. मला कोट शिवायचा होता, तिला शाळेत यायचं होतं. मोटारीत मी मागं, दोन जैन व्यापारी आणि एक आजारी शेळी यांच्यामध्ये. ती नेहमीप्रमाणे पुढं. वाटेभर ती नि गुंडाप्पा कानडीत बोलत होते. माझं कानडी गंजलंय. समजलं एवढंच की कुठल्याशा चिकोडीच्या पोरीची फी भरायची आहे.

टिळकवाडीत एका वकिलाच्या बंगल्यातली मागची खोली तिनं भाड्यानं घेतलीय. दोन खुर्च्या, तिसरी पुस्तकांनी भरलेली. मी म्हटलं, मोंबासाला असतीस तर बंगला मिळाला असता. ती म्हणाली, "हितं बी मिळंल की. घाई काय हाय?" मग माझ्यापुढं चहा ठेवून तिनं वह्या तपासायला घेतल्या. तासभर! मी समोर बसलेला, आफ्रिकेहून आलेला, आणि ही तांबड्या पेन्सिलीनं काने-मात्रे काढतेय. एका वहीवर तिनं लिहिलं, 'धडा न वाचता उत्तर लिहिले आहे.' मला हसू आलं.

तुला सांगायला हरकत नाही. या सगळ्या अडाणी गोतावळ्यात ही एकटी माणसात बसवण्यासारखी आहे. मोंबासाला नेली तर साहेबांच्या बायकांशी दोन शब्द बोलेल. स्वयंपाक आक्काच्या हाताचा. आणि आपल्यासाठी कुणी इतकी वर्षं थांबलंय हे लक्षात आल्यावर माणूस दगड असला तरी विचार करतो. तीन वर्षांपूर्वी तिच्या पत्राला मी कार्डावर उत्तर टाकलं होतं: 'सध्या सवड नाही. वाट पाहा.' अर्धी थट्टाच होती. तिनं खरंच वाट पाहिली.

थोडक्यात, 'नको'चं भाषण मी फाडलं. नवं लिहिलंय. त्यात मी म्हणणार आहे की, काळ बदलला, जग पुढं गेलं, तरी आपल्या माणसांचा शब्द मोडायचा नाही एवढी संस्कृती माझ्यात शिल्लक आहे. आक्का रडेल. दाजी शिंकायचे थांबतील. शिंपी म्हणतो कोट गुरुवारी मिळेल. मला त्याच्यावर विश्वास नाही, म्हणून मी इथंच राहून त्याच्या डोक्यावर बसणार आहे.

तू हसणार हे मला ठाऊक आहे. हस. हसतील त्याचे दात दिसतील.

नेमगोंडा


निपाणी,
१ मे १९३६

शामू,

यांच्यासारखी दगलबाज माणसं मी आफ्रिकेतल्या बंदरातसुद्धा पाहिली नाहीत.

सकाळी बस्तीच्या ओसरीवर बैठक भरली. पंच पाच, त्यांतले तीन बहिरे. उपाध्यांनी चांदीच्या तबकात विडा माझ्यापुढं ठेवला. बायका आतल्या दाराशी. गुंडाप्पा परीटघडीचं धोतर नेसून खांबाला टेकून बसला होता. मला वाटलं, दोस्त म्हणून आलाय. मी नव्या कोटात उभा राहिलो. काळ बदलला, जग पुढं गेलं, हे सगळं नीट म्हटलं. आणि शेवटी म्हणालो, "पद्मावतीला पत्करायला मी तयार आहे."

एका बहिऱ्या पंचानं शेजारच्याला विचारलं, "सोडली म्हनला न्हवं?" शेजारच्यानं मान हलवली नाही. मग दाजी, जे दहा दिवसांत एक वाक्य बोलले नव्हते, ते बोलले. "नेमगोंडा, तुला पत्कराय न्हाई बलीवलं. सोडाय बलीवलं हुतं."

गुंडाप्पाची नवरी म्हणजे पद्मा. गावाला ठाऊक, शेजारच्या जयाबाईला ठाऊक, मोटारीतल्या शेळीलासुद्धा ठाऊक असेल. माझ्या मानासाठी म्हणे कुणी तोंडातून नाव काढलं नाही! विडा दिल्याशिवाय नाव घ्यायचं नाही ही चाल. चालीच्या आड लपून नऊ वर्षांनी आलेल्या माणसाला पाच जणांत उभं करून नागवायचं, हा यांचा मान.

आक्का दाराशी येऊन म्हणाली, "नेमू, चुकलं आमचं. तुला कळलं असंल वाटलं रं." मी काय ऐकतोय! मी म्हणालो, हक्क माझा आहे आणि मी तो सोडत नाही. तबकातला विडा उचलला, कोटाच्या खिशात घातला आणि चालू लागलो. मागं उपाध्ये 'अहो, अहो' करत राहिले.

चार तारखेचा मांडव पडलाय. उतरवू देत. मामानं सोडल्याशिवाय इथला एक तरी उपाध्या मंत्र म्हणतो का बघतो. मोटारीच्या ड्रायव्हरला माझी भाची! पुढची जागा राखून ठेवत होता चोर, आणि मी त्याला दोस्ती म्हणत होतो.

विडा अजून खिशात आहे. दार आतून लावून घेतलंय. आक्कानं दोनदा जेवायला हाक मारली. दिवस मावळायच्या आत जेवायची मला गरज नाही.

नेमगोंडा


लोंढा स्टेशन,
६ मे १९३६

शामू,

पुन्हा तोच बाक. म्हातारा नाही, पोर्टर तोच.

मागचं पत्र लिहिल्यावर जे झालं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण अर्धं सांगून थांबणं ही माझी जुनी खोड आहे, आणि तिचं काय होतं ते आता मला कळलंय.

त्याच संध्याकाळी दार वाजलं. आक्का असेल म्हणून उघडलं, तर पद्मा. आत आली, खुर्चीवर बसली आणि माझ्यापुढं एक कार्ड ठेवलं. कडा मऊ झालेल्या, मोंबासाचा शिक्का.

"हे अक्षर तुमचंच न्हवं?"

म्हटलं, माझंच.

"कशाचं उत्तर हाय हे?"

"तुझ्या पत्राचं."

"माझं पत्र वाचलासा?"

"वाचलं की."

"काय लिवलं व्हतं?"

शामू, मी तिला पहिली ओळ सांगितली. तीर्थरूप मामांच्या चरणी, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. ती म्हणाली, "पुढं?" मी खिडकीकडं बघितलं. ती पुन्हा म्हणाली, "पुढं काय लिवलं व्हतं, मामा?" चौतीस वर्षांचा मी, नवा कोट घालून तिच्यापुढं उभा होतो. पुढचं एक अक्षर मला सांगता येईना. मग ती वर्गात म्हणतात तसं म्हणाली, "बरं. बसा."

मी बसलो.

मग तिनं सांगितलं, अगदी थंडपणे. त्या पत्रात तिनं एवढंच मागितलं होतं की मामांनी तिला मोकळं करावं. येणं जमत नसेल तर दोन ओळींत 'सोडली' लिहून पाठवावं. पंच तेवढं मानायला तयार होते. त्याला माझं उत्तर आलं, वाट पाहा. घरात वाचलं गेलं, बस्तीत वाचलं गेलं. मामा हक्क राखून आहे असा सगळ्यांनी अर्थ केला. दुसरा काय करणार? त्यानंतर सांगलीकडची एक सोयरीक आली आणि माझं कार्ड बघून परत गेली. मग दुसरीही गेली. आक्कानं एकशे आठ दिवस एकभुक्त राहून मी यावं म्हणून नवस केला.

"गुंडाप्पानं इचारलं तवा मी म्हनलं, मामांचं कार्ड बघा आदी. त्येनी बघितलं. म्हनले, मी बी वाट बघतो. त्ये तुमाला शिव्या देत न्हवते मामा. दोन वर्सं नुस्ती ती जागा रिकामी ठेवत हुते."

मी म्हणालो, मला कुणी स्पष्ट का नाही लिहिलं? ती उठली. "मी लिवलं हुतं की."

दाराशी जाऊन वळली. हे मात्र मला आयुष्यभर ऐकू येत राहणार. "विडा दिलासा तर आईचं मन ऱ्हाईल. न्हाई दिलासा तरी सोमवारी मी त्येंच्या गाडीत बसनार हाय. पंच येऊंदेत न्हाई तर न येऊंदेत. तुमच्या हक्काला भिऊन थांबलो न्हाई आमी. तुमी आमचं हाय म्हनून थांबलो."

आणि गेली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला मला उत्तर देता येतं.

इतके दिवस मी तुला लिहीत होतो की हे लोक गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत. बाशिंग माझ्याच गुडघ्याला होतं, आणि गाव ते बघून न बघितल्यासारखं करत होतं, कारण मी त्यांचा होतो. मी एवढा शहाणा, उंटावर बसून शेळ्या हाकणारा. माझ्याइतका अडाणी माणूस निपाणीत दुसरा नव्हता.

शनिवारी सकाळी पुन्हा बैठक भरली. पंच पाचही आले. कुणी कालचं काढलं नाही. खिशातला विडा काळा पडला होता. उपाध्यांनी नवा करून दिला. मी म्हणालो, "सोडली." बहिऱ्या पंचानं पुन्हा विचारलं, काय म्हणाला म्हणून. तेव्हा मला मोठ्यानं, बस्तीबाहेर ऐकू जाईल असं, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. आक्का रडली. मी लिहिलेल्या भाषणात तिचं रडणं होतं, पण ते या वाक्यावर नव्हतं.

सोमवारी लग्न लागलं. नवरीला मांडवात आणायचं काम मामाचं. मी हात धरून आणली. तिचा हात थंड होता आणि माझा ओला. गुंडाप्पानं माझ्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं, कारण आता मी मामेसासरा. मी त्याला वर ओढला. तो कानात म्हणाला, "उशीर केलास लेका." एवढंच. त्यात राग नव्हता, आणि पूर्वीची दोस्तीही नव्हती. ती मागायला मला तोंड नाही.

आज पहाटे त्याच मोटारीनं निघालो. पद्मा आधी पुढं बसली होती. मला बघून उतरली आणि म्हणाली, "मामा, पुढं बसा. आता ती जागा कुनाचीबी हाय." मी मागं पोत्यांशेजारी बसलो. त्याआधी घरी आक्कानं दशम्या बांधून दिल्या आणि विचारलं, "परत कवा येशील?" मी 'बघू' म्हणणार होतो. जीभ चावली. पुढच्या वैशाखात येतो म्हणालो, आणि तिथल्या तिथं दाजींच्या वहीत तारीख लिहून दिली. दाजी शिंकले. मग कपाटातून ते घड्याळ काढून त्यांनी भिंतीवरच्या फळीवर ठेवलं आणि किल्ली दिली.

बोट शुक्रवारी आहे. या महिन्याच्या शेवटी मी मोंबासाला असेन. नव्या कोटाच्या खिशाला काताचा डाग पडलाय, तो धुऊन निघत नाही. शिंप्याचा दोष नाही.

शामू, ते पत्र तू हिसकावून घेतलंस ते परत दिलं नव्हतंस. तुझ्या ट्रंकेत कपड्यांखाली असणार, तू काही फेकणाऱ्यातला नाहीस. त्या दिवशी तुला जे बोललो ते नीच होतं. मी आल्यावर तुझ्या खोलीच्या दाराशी येईन. बसायला सांगितलं नाहीस तरी चालेल, उभा राहून ऐकेन. तेवढं पत्र मला वाचून दाखव. मधे बोललो तर दार लावून घे.

पहिली ओळ मला पाठ आहे. दुसरीपासून वाच.

नेमगोंडा